मराठा पलटणीचा गोलरक्षक : कॅप्टन शंकर लक्ष्मण

ऑलिंपिक हॉकीचे तीन अंतिम सामने, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध, प्रत्येकी ७० मिनिटांचे. म्हणजे एकूण २१० मिनिटे. एवढ्या वेळात ज्यांच्या पाठीमागच्या जाळ्यात मिळून एकच चेंडू गेला, ते गोलरक्षक आपल्याच मध्य प्रदेशातले होते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. त्यांचे नाव शंकर लक्ष्मण. मंडळातल्या साठी उलटलेल्या सभासदांना हे नाव निदान ऐकून माहीत आहे. नातवंडांना ध्यानचंद माहीत असतात, धनराज पिल्ले माहीत असतात, पण शंकर लक्ष्मण म्हटले की कोण, असा प्रश्न येतो. म्हणून हा लेख.

नावाविषयी आधी सांगतो, कारण मराठी माणूस ते वाचून अडखळतो. आपल्याकडे व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशी पद्धत. त्यामुळे शंकर लक्ष्मण एवढेच वाचले की पुढचे आडनाव छापायचे राहून गेले असे वाटते. पण संघाच्या याद्यांत, पुरस्कारांच्या यादीत आणि पुढे लष्करातही ते शंकर लक्ष्मण याच नावाने ओळखले गेले. मराठीशी त्यांचे नाते पलटणीचे. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण, बेळगावला तिचे केंद्र, आणि शिवछत्रपतींच्या जयजयकाराची रणगर्जना. अशा पलटणीत ज्याचे पोरवयापासून निवृत्तीपर्यंतचे आयुष्य गेले, त्याला परका कसे म्हणायचे? बँकेत असताना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला माजी सैनिक यायचे. पलटणीचे नाव सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा, गावाचे नाव सांगताना तसा बदलायचा नाही. शंकर लक्ष्मण यांच्याविषयी वाचताना मला ही माणसे आठवली.

त्यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. बालाघाट राज्याच्या एका टोकाला, तर महू दुसऱ्या टोकाला, इंदूरच्या पलीकडे. तेव्हा तर ही दोन गावे एका राज्यातही नव्हती. आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. महू होते होळकरांच्या मुलखातल्या इंग्रजी छावणीचे गाव. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि १८१८ साली ही छावणी वसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली इथलाच, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी फौजेतल्या नोकरीनिमित्त महूला होते. छावणी म्हटली की परेडचे मैदान आले, बँड आला, आणि गोऱ्या शिपायांमागोमाग त्यांचे खेळ आले. छावण्यांत देशी पोरे कुंपणाबाहेरून खेळ बघायची आणि मग मिळेल त्या काठीने स्वतः खेळायची.

महूला हॉकी अशीच रुजली. तिथे जन्मलेल्या एका खेळाडूचे नाव इथे घ्यायलाच हवे, ते म्हणजे किशनलाल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ त्यांच्या नेतृत्वाखाली उतरला आणि अंतिम सामन्यात खुद्द ग्रेट ब्रिटनला ४-० असे हरवून आला. ज्यांनी ही हॉकी आपल्याला शिकवली, त्यांनाच त्यांच्या घरी जाऊन हरवले. स्वातंत्र्याला तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते, तीन दिवस कमी होते. एका लहानशा छावणीच्या गावाने देशाला किशनलाल दिले आणि आठ वर्षांनी शंकर लक्ष्मण दिले. आपल्या राज्यातल्या मोठमोठ्या शहरांनाही हे जमलेले नाही.

पण शंकर यांचा पहिला खेळ हॉकी नव्हता, फुटबॉल होता. महूजवळच्या कोदरिया गावच्या फुटबॉल संघाचे ते कप्तान होते. फुटबॉल हा गरिबांच्या पोरांना परवडणारा खेळ. एक चेंडू असला की वीस पोरांची सोय होते, आणि बूट नसले तरी चालते. १९४७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते फौजेच्या बँडमध्ये भरती झाले. वाचकांना हे नवल वाटेल, पण तेव्हा पोरवयाची मुले बँडसाठी घेतली जात. त्यांना वाद्य शिकवत, शिस्त लावत, शाळाही शिकवत, आणि वय झाले की जवान म्हणून पुढे घेत. गरीब घरातल्या मुलाला पोटभर जेवण, कपडे आणि पगार एकाच ठिकाणी मिळण्याचा तो रस्ता होता. भारताचे फौजी खेळाडू किती तरी अशाच मार्गाने आले.

फौजेत खेळ हा रिकामपणचा उद्योग नसतो. कंपनी कंपनीशी खेळते, बटालियन बटालियनशी, मग कमांडचे सामने होतात, आणि त्यातून सेनादलाचा संघ निवडला जातो, जो देशातल्या राज्यांच्या संघांशी भिडतो. चांगला खेळणारा गडी अधिकाऱ्यांच्या नजरेत लवकर भरतो, कारण बटालियनची इज्जत त्याच्या पायात असते. शंकर हॉकीकडे वळले ते फौजेत आल्यावर, आणि गोलात उभे राहिले. १९५५ च्या सुमारास ते सेनादलाच्या संघातून खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिकला गेले. फुटबॉल खेळलेल्या माणसाला गोलात एक फायदा असतो. हॉकीत गोलरक्षक सोडला तर कोणालाही चेंडूला पाय लावता येत नाही. इतरांसाठी जो गुन्हा, तेच गोलरक्षकाचे हत्यार. कोदरियाच्या मैदानावर लागलेली पायाची सवय इथे उपयोगी पडली असणार, असे मला वाटते.

आजच्या मुलांनी टीव्हीवर पाहिलेला गोलरक्षक डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर जाळी, छातीला ढाल आणि पायाला फोमचे जाडजूड पॅड घालून असतो. अंतराळवीरच जणू. १९५६ साली यातले काही नव्हते. पायाला क्रिकेटसारखे पॅड, त्यावर किकर, हातात मोजे आणि स्टिक. डोके उघडे, छाती उघडी. चेंडूचे वजन साधारण १६० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूइतकेच आणि तितकाच टणक. गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलायचा, तिथे एका गड्याने तो हाताने थांबवायचा (तेव्हा हाताने थांबवायला परवानगी होती), आणि १६ यार्डांवरून दुसऱ्याने पूर्ण ताकदीने फटका मारायचा, अशी पद्धत. मैदान गवताचे. मध्ये एखादा उंचवटा लागला की घोट्याच्या रेषेत येणारा चेंडू गुडघ्यावर उसळायचा. अशा वेळी डोळे न मिटता उभे राहणे हेच निम्मे काम. बाकीचे निम्मे म्हणजे उडी न मारणे. शंकर लक्ष्मण यांच्या खेळाविषयी जुने लोक हेच सांगत आले की ते उगाच धडपडत नसत. चेंडू कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे असत. बघणाऱ्याला वाटे की फटका मारणाराच चुकला.

मेलबर्न ऑलिंपिक २२ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झाले. त्या आधी बरोबर तीन आठवडे, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली होती. आपल्या घरांत ती तारीख वेगळ्या कारणाने लक्षात आहे. नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि कागदोपत्री आपले माहेर तुटले. पण त्याच कागदाने महू आणि बालाघाट एका राज्यात आणले. तेव्हा शंकर लक्ष्मण मेलबर्नच्या मैदानात उतरले ते पाच आठवड्यांच्या कोवळ्या मध्य प्रदेशचे म्हणून, हे त्यांच्या ध्यानात असेल नसेल, आपल्या असायला हरकत नाही.

त्या संघाचे कप्तान होते बलबीरसिंग सीनियर. गोलरक्षक दोन, मद्रासचे अनुभवी रंगनाथन फ्रान्सिस आणि तेवीस वर्षांचे शंकर. अफगाणिस्तानवर १४-०, अमेरिकेवर १६-०, सिंगापूरवर ६-०. या आकड्यांवरून वाटेल की गोलरक्षकाला खुर्ची टाकून बसता आले असते. इथवर ते खरेही आहे. पण उपांत्य सामन्यात जर्मनी समोर आली. जर्मन संघाची बचावफळी शिस्तीची, उंचपुरी, आणि एकेकाला धरून ठेवणारी. पहिल्या तीन सामन्यांत ३६ गोल करणाऱ्या भारताला तिने एकाच गोलावर अडवले. सामना १-० ने कसाबसा सुटला. अशा सामन्यात आपली बाजू पहिल्यांदाच सांभाळावी लागते आणि तिथे एक चूक म्हणजे सगळे संपले.

६ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न क्रिकेट मैदानावर अंतिम सामना झाला. समोर पाकिस्तान. फाळणीनंतर ऑलिंपिकमध्ये दोघांची ही पहिलीच गाठ. नऊ वर्षांपूर्वी जे एका देशाचे खेळाडू म्हणवले गेले असते, ते आता दोन रंगांच्या सदऱ्यांत समोरासमोर उभे होते. बलबीरसिंग बोटाचे हाड मोडलेले असताना खेळले. दुसऱ्या सत्रात फुलबॅक रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि तोच एकमेव गोल ठरला. उरलेला वेळ बचावाचा होता. भारताने संपूर्ण स्पर्धेत ३८ गोल केले आणि खाल्ला एकही नाही. १९२८ पासूनचे हे सलग सहावे सुवर्णपदक. विजेत्याचे नाव लिहिताना इतिहास जेंटल यांचा गोल लिहितो, ते बरोबरच आहे. पण १-० या आकड्यातले शून्य लिहायलाही कोणी तरी लागतो.

पुढे १९५८ साली टोकियोला आशियाई खेळांत प्रथमच हॉकी आली. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला सामना ०-० असा सुटला. दोघेही अपराजित, पण गोलांच्या हिशेबात पाकिस्तान सरस ठरून सुवर्ण त्यांच्याकडे गेले. गोल न खाताही पदकाचा रंग बदलू शकतो, हे शंकर तिथे शिकले.

मग आले रोम, १९६०. कप्तान लेस्ली क्लॉडियस. डेन्मार्कवर १०-०, नेदरलँड्सवर ४-१, न्यूझीलंडवर ३-०. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाने जीव मेटाकुटीला आणला आणि जादा वेळेत १-० ने सुटका झाली. उपांत्य सामन्यात ग्रेट ब्रिटनवर पुन्हा १-०. ९ सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. पहिल्याच सत्रात नासीर अहमद यांनी गोल केला. भारताने पुढचा सगळा वेळ धडका मारल्या, पण तो एक गोल काही फिटला नाही. १९२८ पासून भारत ऑलिंपिकमध्ये एकही हॉकी सामना हरला नव्हता, तो त्या दिवशी पहिल्यांदा हरला.

मी ३० हून अधिक वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच रोखीच्या खिडकीजवळ. रोखपालाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना गोलरक्षकाचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. हजार दिवस रोकड पैशापैशाने जुळली तर त्याची कोणी नोंद घेत नाही. एक दिवस तूट आली की सगळी शाखा गोळा होते. रोममध्ये भारताच्या आघाडीच्या फळीला ७० मिनिटांत एकही गोल करता आला नाही, ही खरी हार. तरी लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो जाळ्यात गेलेला चेंडू, आणि जाळ्यासमोरचा माणूस. शंकर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. चार वर्षे वाट पाहणे भाग होते, आणि चार वर्षांनी संघात जागा असेलच याची हमी कोणी देत नाही.

मधल्या काळात, १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत, पाकिस्तानकडून पुन्हा हार झाली आणि पुन्हा रौप्य मिळाले. हिशेब वाईट दिसू लागला होता. दोन आशियाई रौप्ये, एक ऑलिंपिक रौप्य. पाकिस्तान पुढे गेला आणि भारताचे दिवस संपले, असे उघड बोलले जात होते. त्यातच १९६२ ची चीनची लढाई, आणि १९६४ च्या मे महिन्यात पंडित नेहरूंचे निधन. देशाचे मन एकूणच खचलेले. अशा वर्षी टोकियोचे ऑलिंपिक आले.

या वेळी कप्तान चरणजितसिंग. वाट सोपी नव्हती. जर्मनीशी १-१, स्पेनशी १-१ अशी बरोबरी झाली. जे संघ पूर्वी डझनावारी गोल खात ते आता बरोबरीने उभे राहत होते. युरोपियांनी आपला खेळ अभ्यासून त्यावर उतारा काढला होता. नेदरलँड्सवर २-१ असा विजय मिळाला, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियावर ३-१. आणि २३ ऑक्टोबर १९६४ ला अंतिम सामन्यात तिसऱ्यांदा पाकिस्तान. हा सामना धसमुसळा झाला, एवढे त्या वेळच्या सगळ्या वर्णनांवरून कळते. दुसऱ्या सत्रात पृथिपालसिंग यांचा पेनल्टी कॉर्नरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानी बचावपटूच्या पायाला लागला, पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. भारत १-०.

आता खेळ शंकर लक्ष्मण यांच्याकडे आला. पाकिस्तानने बरोबरीसाठी जिवाचे रान केले. हल्ल्यांवर हल्ले, पेनल्टी कॉर्नर, गोलासमोर गर्दी. गर्दीत गोलरक्षकाला चेंडू दिसतच नाही, फक्त स्टिकचा आवाज ऐकू येतो. शंकर यांनी ते सगळे अडवले. त्यांचा त्या दिवसाचा खेळ पाहून एका परदेशी हॉकी नियतकालिकाने लिहिले, त्याचा आशय असा, की त्यांना तो चिमुकला चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. लिहिणाऱ्याला कोदरियाच्या फुटबॉल संघाची काही कल्पना असण्याचे कारण नाही, पण उपमा नेमकी पडली. सामना १-० नेच संपला. आठ वर्षांनी सुवर्णपदक परत आले. रोमची तूट भरून निघाली.

त्या काळी बालाघाटला नागपूरची वर्तमानपत्रे गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने येत. मी तेव्हा फार लहान. पण आमच्या घरी टोकियोच्या संघाचे छापील चित्र पुष्कळ वर्षे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते, आणि वडील त्यातल्या एकेकावर बोट ठेवून नावे सांगत. पृथिपाल आणि मोहिंदरलाल आधी सांगत. शंकर लक्ष्मण सांगताना मात्र हा आपल्या राज्यातला, हे शेपूट जोडत.

त्याच १९६४ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. दोन वर्षांनी, १९६६ साली, त्यांना भारतीय संघाचे कप्तान केले. हा मान मिळवणारे ते पहिले गोलरक्षक. त्या काळच्या विचाराप्रमाणे कप्तान आघाडीचा किंवा मधल्या फळीचा असावा, म्हणजे त्याला सगळ्यांशी बोलता येते. गोलरक्षक बिचारा एका टोकाला एकटा. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सगळे मैदान ज्याच्या समोर पसरलेले असते असा संघात तो एकटाच असतो. कोणाच्या पाठीमागे माणूस सुटला आहे, कोण दमला आहे, हे त्यालाच आधी दिसते. आणि शंकर फौजी. हुकूम घेणे आणि देणे हे त्यांना नवे नव्हते.

डिसेंबर १९६६, बँकॉक, आशियाई खेळ. अंतिम सामना अर्थातच पाकिस्तानशी. ठरलेल्या वेळेत गोल नाही. जादा वेळेत बलबीरसिंग यांनी गोल केला (हे मेलबर्नचे कप्तान बलबीरसिंग नव्हेत, त्याच नावाचे दुसरे, त्या काळी संघात या नावाची रेलचेल होती), आणि भारत पुन्हा १-० ने जिंकला. आशियाई खेळांतले भारताचे हे पहिले हॉकी सुवर्ण. त्याची किंमत कळायची असेल तर पुढचे पाहा. दुसरे सुवर्ण यायला १९९८ साल उजाडले, तेही बँकॉकलाच, आणि तेव्हाचे कप्तान होते आपल्या पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले. मधली बत्तीस वर्षे कोरडी गेली. १९६७ साली सरकारने शंकर लक्ष्मण यांना पद्मश्री दिली.

इथवरचा आलेख चढता आहे. यापुढे उतार सुरू होतो आणि तो फार लवकर सुरू होतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात त्यांचे नाव नव्हते. दोन वर्षांपूर्वी ज्या कप्तानाने आशियाई सुवर्ण आणले, त्याला चौथ्या ऑलिंपिकसाठी जागा मिळाली नाही. वय ३५. गोलरक्षकासाठी हे फार वय नव्हे, हे खेळ जाणणारे मान्य करतील. मेक्सिकोला गुरबक्षसिंग आणि पृथिपालसिंग असे दोन संयुक्त कप्तान नेमून संघ पाठवला, यावरून त्या वेळच्या हॉकीतल्या कारभाराची कल्पना यावी. भारताला कांस्य मिळाले. १९२८ नंतर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारत नाही, असे पहिल्यांदाच घडले. शंकर गेले असते तर सुवर्ण आले असते, असे मी म्हणणार नाही. एक गोलरक्षक संघाच्या आघाडीची कामे करत नाही. पण हात धुऊन मोकळे व्हावे असा तो माणूस नव्हता. त्यांनी मात्र गाजावाजा न करता खेळ सोडला.

फौज सोडली नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते पुढे अकरा वर्षे राहिले आणि १९७९ साली कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. बँडमधला चौदा वर्षांचा पोरगा बत्तीस वर्षांनी अधिकारी म्हणून बाहेर पडला. ऑलिंपिक पदकाइतकीच ही वाटचालही मला मोठी वाटते. नोकरीत खालून वर चढत आलेल्या कोणालाही वाटेल.

दरम्यान हॉकीच बदलून गेली होती. १९७५ साली क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकलो, तेव्हाचे रेडिओवरचे धावते वर्णन माझ्या वयाच्या सगळ्यांच्या कानांत आहे. उपांत्य सामन्यात भोपाळच्या अस्लम शेर खानने मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल केला तेव्हा आपल्या राज्यात कोण आनंद झाला होता. पण पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम हिरवळ आली आणि गवतावर वाढलेले आपले खेळाडू तिथे सातव्या क्रमांकावर गेले. शंकर लक्ष्मण यांची सगळी कमाई गवतावरची. त्यांच्या काळातल्या खेळाचे चित्रीकरणही फारसे पाहायला मिळत नाही. क्रिकेटवाल्यांचे आकडे तरी पाठ केले जातात. गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच १९७९ च्या डिसेंबरात मेजर ध्यानचंद दिल्लीच्या रुग्णालयात वारले, आणि त्यांची शेवटची वर्षे कशी ओढगस्तीची गेली ते सर्वांना माहीत आहे. आपले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००१ साली. शंकर लक्ष्मण यांना पुरस्कार वेळेवर मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण पुरस्कार एकदा मिळतो, नंतरची वर्षे रोज काढावी लागतात. निवृत्तीनंतर ते महूलाच राहिले. एका कॅप्टनचे निवृत्तिवेतन आणि साधे घर. मोठ्या शहरात गेले नाहीत, कोणत्या संघटनेच्या खुर्चीवर बसले नाहीत. हॉकीच्या कारभाऱ्यांनी तीन ऑलिंपिक अंतिम सामने खेळलेल्या गोलरक्षकाचा मुलांना शिकवण्यासाठी नीट उपयोग करून घेतला असता, तर खर्च फार आला नसता. महूला तर मैदानेही होती.

शेवटच्या काळात त्यांच्या पायाला गँगरीन झाले. पाय कापावा लागेल असा डॉक्टरांचा सल्ला होता. त्यांनी तो मानला नाही आणि नैसर्गिक उपचारांवर भर दिला. बाहेर बसून कोणी म्हणेल की वेळेवर ऐकायला हवे होते, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरही असेल. ज्याचा पाय, त्याने ठरवले. आजाराची बातमी पसरल्यावर वर्तमानपत्रांना त्यांची पुन्हा आठवण झाली आणि मेलबर्न, रोम, टोकियो ही नावे पुष्कळ वर्षांनी त्यांच्या नावाजवळ छापून आली.

२९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचे निधन झाले. वय ७२. अंत्यसंस्कार लष्करी इतमामात झाले. दोन ऑलिंपिक सुवर्ण, एक ऑलिंपिक रौप्य, एक आशियाई सुवर्ण, दोन आशियाई रौप्य, अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री, अशी त्यांच्या नावावरची नोंद आहे.